राइट क्लिकमधलं गाठोडं

"सर, ते राइट क्लिकमधलं झिप कुठं गेलं हो?"

ग्रंथपाल बाईंचा फोन. गावच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावर आदल्या आठवड्यात मीच लिनक्स नव्याने बसवून दिलं होतं. मेमरी जेमतेम चार जीबी, म्हणून डेस्कटॉप एक्सएफसीई निवडला. तो कमी खातो. टायपिंग, छपाई, इंटरनेट सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं वार्षिक अहवालापाशी. अहवालासोबतचे चाळीसएक फोटो एकाच फाइलीत बांधून मेलने धाडायचे होते. बाईंनी फोटो निवडले, राइट क्लिक केलं, आणि पूर्वी जिथं 'क्रिएट आर्काइव्ह' असायचं तिथं काहीच नाही. प्रोग्रॅम मात्र जागेवर होता. मेन्यूतून उघडला की फाइल रोलर उघडत होता, झिप खोलून दाखवत होता, नवी बनवतही होता. फक्त राइट क्लिकमध्ये तोंड दाखवत नव्हता.

आता याला बिघाड म्हणावं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. लिनक्सच्या डेस्कटॉपवर राइट क्लिकचा मेन्यू एका मालकाचा नसतो. फायली दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा. एक्सएफसीईत त्याचं नाव थुनार. गाठोडं बांधणारा आणि सोडणारा वेगळा. कुठली फाइल कुठल्या जातीची हे ओळखणारी यंत्रणा तिसरीच. तिघं वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले. एकमेकांची ओळख असायलाच हवी असं काही नाही. ती करून द्यावी लागते.

ओळखीचा एक रस्ता सगळ्यांना सामाईक आहे. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप नावाचा उपक्रम सुरू केला, तो निरनिराळ्या डेस्कटॉपांनी निदान काही गोष्टी एकसारख्या कराव्यात म्हणून. त्यातून प्रोग्रॅमच्या ओळखपत्राचा नमुना पक्का झाला. प्रत्येक प्रोग्रॅम बसताना आपल्यासोबत एक छोटी मजकुराची फाइल ठेवतो, शेपूट 'डॉट डेस्कटॉप'. आत साध्या ओळी: माझं नाव हे, माझं चित्र हे, मला हाक मारायची तर ही आज्ञा द्या, आणि मी या या प्रकारच्या फायली उघडतो. नावाच्या ओळीत चौकटी कंसात 'एमआर' लिहून पुढे मराठी नाव दिलं, तर मराठीत चालणाऱ्या संगणकावर तेच दिसतं. झिपवर राइट क्लिक केल्यावर 'ओपन विथ'च्या यादीत फाइल रोलर येतो तो या ओळखपत्राच्या जोरावर. बाईंच्या संगणकावर तेवढं होतंच.

पण 'उघडणं' वेगळं आणि 'इथंच सोडणं' किंवा 'निवडलेलं बांधणं' वेगळं. या दुसऱ्या जातीच्या कामांसाठी सर्वमान्य नमुना नाही. प्रत्येक फाइल मॅनेजरने आपापली सोय केली आहे. त्यामुळे एका डेस्कटॉपवर शिकलेली युक्ती दुसऱ्यावर गेलं की कुचकामी ठरते. लिनक्सवाल्यांना या वैविध्याचं कौतुक असतं. फोनवर कुणाला समजावून सांगायची वेळ आली की ते कौतुक ओसरतं, हा माझा अनुभव.

थुनारची सोय म्हणजे एक मध्यस्थ, 'थुनार आर्काइव्ह प्लगइन'. मी कमीत कमी सामान घेऊन लिनक्स बसवलं होतं, त्यात हा मध्यस्थच राहून गेला होता. चूक माझीच. बाईंना टर्मिनल उघडायला लावलं आणि एकेक अक्षर सांगितलं: सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल, थुनार, हायफन, आर्काइव्ह, हायफन, प्लगइन. पॅकेज उतरलं. बाईंनी खिडकी बंद करून उघडली. काही नाही. खिडक्या सगळ्या मिटल्या तरी थुनार पडद्यामागे जागाच असतो, आणि नवा पाहुणा त्याला दिसतो तो पुन्हा उठल्यावर. म्हणून टर्मिनलमध्ये 'थुनार हायफन क्यू', म्हणजे खरोखर झोप. मग उघडला तेव्हा तीन नव्या ओळी आल्या: इथं सोडा, तिकडं सोडा, गाठोडं बनवा. इंग्रजीतच, पण आल्या.

"आलं सर!" आणि लगेच, "नाही, काहीतरी चौकट आली. आर्काइव्ह मॅनेजर सापडत नाही म्हणते."

समोर बसलेला असून सापडत नाही! इथं मला गंमत वाटली, कारण हा घोटाळा मी आधी स्वतः भोगला होता. मध्यस्थाचं काम कसं चालतं ते पाहिलं की तो कळतो. प्लगइनला गाठोडं बांधता येत नाही. त्याच्या फोल्डरमध्ये 'डॉट टॅप' शेपटाच्या छोट्या स्क्रिप्ट असतात, एकेका प्रोग्रॅमसाठी एकेक. फाइल रोलरची एक, केडीई डेस्कटॉपच्या आर्कची एक, माते डेस्कटॉपच्या एनग्राम्पाची एक. प्रत्येकीत त्या त्या प्रोग्रॅमशी कसं बोलायचं ते लिहिलेलं. राइट क्लिक केलं की प्लगइन आधी विचारतो, या संगणकावर झिप उघडायचं काम कुणाकडे आहे? उत्तर येतं एका डेस्कटॉप फाइलीच्या नावाने. मग त्याच नावाची टॅप स्क्रिप्ट तो शोधतो. नाव जुळलं की काम झालं.

फाइल रोलरच्या डेस्कटॉप फाइलीचं नाव पूर्वी साधं 'फाइल-रोलर' होतं. पुढे तो ज्यांचा, त्या ग्नोम डेस्कटॉपच्या मंडळींनी आपल्या प्रोग्रॅमांची नावं वेबसाइटचा पत्ता उलटा लिहावा तशी ठेवायला घेतली, आणि तो 'ऑर्ग डॉट ग्नोम डॉट फाइलरोलर' झाला. प्रोग्रॅम तोच, काम तेच. पण प्लगइनकडे टॅप फाइल जुन्याच नावाची. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीच्या माहेरच्या नावाने आलेलं रजिस्टर पोस्ट नव्या पोस्टमनने परत पाठवावं, तशातली गत. घरातच आहे हो ती, असं सांगायला मध्ये कुणी नाही.

उपाय एका ओळीचा. जुन्या टॅप फाइलीला नव्या नावाचा दुवा जोडायचा, लिनक्सच्या भाषेत सिमलिंक. एफ आणि आर कॅपिटल, कारण लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. फोनवर हे सांगताना दोनदा चुकलं, एकदा त्यांच्याकडून, एकदा माझ्याकडून. तिसऱ्यांदा गाठोडं बांधलं गेलं.

बाईंचा पुढचा प्रश्न माझ्या अंदाजात नव्हता. "सर, फोटोंचं मिळून अठ्ठ्याऐंशी एमबी होतं. बांधल्यावर सत्त्याऐंशी. मग झिप करून मिळालं काय?"

मिळालं एकच: चाळीस वस्तूंची एक वस्तू झाली. आपल्याकडे 'झिप कर' म्हणताना दोन कामं एका शब्दात कोंबली जातात, बांधणं आणि दाबणं. युनिक्सच्या जगात ती मुळात वेगळी होती. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत टार आलं. नाव टेप आणि आर्काइव्ह या दोन शब्दांवरून. चुंबकीय फितीवर फायली एकामागोमाग मांडायच्या, बस. टार काहीही दाबत नाही. दाबायचं काम दुसऱ्याचं, आणि १९९२ पासून ते बहुतेक वेळा जीझिप करत आलं आहे. म्हणून लिनक्सवरच्या फायलींना 'टार डॉट जीझेड' असं दुहेरी शेपूट दिसतं: आधी बांधलं, मग दाबलं. झिप दोन्ही कामं एकत्र करतं, आणि प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबतं.

दाबणं म्हणजे पुनरुक्ती काढणं. इस्रायलच्या अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ साली मांडलेली कल्पना आजही झिपच्या पोटात आहे. मजकूर वाचत जायचं, आणि आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो न लिहिता 'इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल' एवढीच खूण ठेवायची. अहवालात 'ग्रंथालय' हा शब्द शंभरदा आला, तर पहिल्यांदा पूर्ण लिहिला जातो आणि नंतरच्या नव्व्याण्णव वेळा बहुतांशी खुणेवर भागतं. झिपची नेहमीची पद्धत मागचे ३२ किलोबाइट लक्षात ठेवते, सेव्हन-झिपची कित्येक मेगाबाइट. मोठ्या मजकुरावर सेव्हन-झिपचं गाठोडं लहान होतं त्यात या स्मरणशक्तीचा मोठा वाटा आहे.

मराठीला इथं एक छुपा फायदा मिळतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षराला एक पुरतो. मात्र देवनागरीच्या त्या तिनांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसरा दोनच पर्यायांपैकी एक. म्हणजे पानभर मराठी मजकुरात तेच ते बाइट हजारो वेळा येतात, आणि दाबणाऱ्याला तर तेच हवं असतं. तीन बाइटांचा जो कर आपण भरतो, त्यातला बराचसा तो परत करतो. फोटोंचं तसं नाही. कॅमेऱ्याने जेपीजी बनवतानाच फोटो दाबलेला असतो. पिळून झालेल्या चोथ्यात रस कुठून येणार?

बाईंना हे पटलं. "म्हणजे पिशवीचे पैसे द्यायचे, पण पिशवीत भाजी तेवढीच." फोटोंच्या बाबतीत, हो.

झिपचा बाप फिल कॅट्झ, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. १९८९ साली त्याने पीकेझिप काढलं आणि झिपचा आराखडा सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. त्याच्या नावाची आद्याक्षरं, पी आणि के, प्रत्येक झिप फाइलीच्या अगदी सुरुवातीला कोरलेली असतात. फाइल कुठल्या जातीची हे लिनक्स नुसत्या शेपटावरून ठरवत नाही. गरज पडली की पहिले बाइट वाचून बघतं. शेपूट तोडून नुसतं 'अहवाल' असं नाव ठेवलं तरी पीके दिसलं की ते म्हणतं, ही झिप.

यात एक मौज आहे. लिबरऑफिसची ओडीटी, वर्डची नवी डॉकएक्स, ई-पुस्तकाची ईपब, अँड्रॉइडची एपीके, सगळ्यांच्या सुरुवातीला पीकेच. ही सारी मंडळी आतून झिप आहेत. मग शेपूट तोडलेल्या ओडीटीवर डबल क्लिक केलं तरी लिबरऑफिस उघडतं, फाइल रोलर का नाही? कारण ओडीटी आणि ईपब बांधताना पहिली वस्तू म्हणून 'माइमटाइप' नावाची इवलीशी फाइल न दाबता ठेवायची असा नियम आहे. तिसाव्या बाइटपाशी तिचं नाव, अडतिसाव्यापासून जात, अगदी उघड वाचता येईल अशी. गाठोड्यावर चिठ्ठी डकवावी तसं. कधी ओडीटीतले फोटो मूळ आकारात हवे असतील तर 'ओपन विथ'मधून फाइल रोलर निवडून बघा. 'पिक्चर्स' नावाच्या फोल्डरमध्ये ते तसेच्या तसे पडलेले सापडतील. दिवाळी अंकाच्या कामात मला याचा जितका उपयोग झाला तितका क्वचितच कशाचा झाला असेल. लेखक मंडळी फोटो डॉक्युमेंटात चिकटवूनच पाठवतात.

दोन दिवसांनी वाचनालयात गेलो. म्हटलं, आलोच आहे तर मराठी नावाची ओळ करून देऊ, म्हणजे विचारणाऱ्या चौकटी नकोत, एका क्लिकमध्ये झिप. थुनारमध्ये हे काम 'एडिट' मेन्यूतल्या 'कॉन्फिगर कस्टम ॲक्शन्स'मधून होतं. प्रोग्रॅमिंग लागत नाही. नावाच्या जागी टाइप केलं 'गाठोडं बांधा'. आज्ञेच्या जागी: सेव्हन-झेड, म्हणजे सेव्हन-झिपची आज्ञा, मग ए म्हणजे ॲड, मग हायफन एमसीयू बरोबर ऑन, मग टक्क्याच्या चिन्हाला जोडून स्मॉल एन आणि त्याला चिकटून डॉट झिप, शेवटी टक्का कॅपिटल एन. टक्का स्मॉल एन म्हणजे निवडलेल्यांतल्या पहिल्याचं नाव, कॅपिटल म्हणजे सगळ्यांची नावं. या स्मॉल-कॅपिटलमध्ये सगळी मेख आहे. शेवटी स्मॉल लिहिलं तर दहा फायली निवडूनही एकच बांधली जाते, आणि कुणी ओरडत नाही. बरोबर लिहूनही चाळीस सुटे फोटो निवडले तर गाठोड्याला पहिल्या फोटोचं नाव मिळतं. म्हणून आधी सगळे एका फोल्डरमध्ये घ्यायचे आणि फोल्डर निवडायचा. त्याच खिडकीतल्या दुसऱ्या पानावर ही ओळ कशावर दिसावी याच्या टिका असतात. तिथं फोल्डरची टिक राहिली तर फोल्डरवर ओळ दिसतच नाही, आणि माणूस आज्ञेतली चूक शोधत बसतो.

नावात रिकामी जागा असली तर? 'वार्षिक अहवाल' हे आज्ञेला दोन वेगळ्या फायली वाटू शकतं. थुनार प्रत्येक नावाला स्वतःच अवतरणात गुंडाळून देतो, तेव्हा आपण वर आणखी अवतरणं घालू नयेत. घातली की तीच गाठ सुटते. आज्ञेच्या शेवटी दोन अँड आणि 'नोटिफाय-सेंड' जोडून 'झालं' असा शब्द लिहिला, म्हणजे काम संपल्यावर कोपऱ्यात चिठ्ठी येते. नाहीतर मोठ्या फोल्डरवर क्लिक केल्यावर पडद्यावर काहीच हलत नाही आणि लोक पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतात. हे सगळं घरच्या 'डॉट कॉन्फिग' फोल्डरात 'यूसीए डॉट एक्सएमएल' नावाच्या एकाच फाइलीत साठतं. ती पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर ठेवली की मेन्यू तिकडेही तयार.

सेव्हन-झेडविषयी एक इशारा. रशियाचे इगोर पावलोव्ह यांनी १९९९ साली सेव्हन-झिप काढलं ते विंडोजसाठी. लिनक्सवर बरीच वर्षं दुसऱ्यांनी केलेलं पी-सेव्हन-झिप चालायचं. ते २०१६ नंतर थांबलं, आणि २०२१ मध्ये पावलोव्ह यांनी स्वतः लिनक्सची आवृत्ती दिली. तिच्या आज्ञेचं नाव सेव्हन-झेड-झेड. त्यामुळे कुठल्या लिनक्सवर एक झेड चालतो, कुठल्यावर दोन लागतात. पुन्हा नावाचंच प्रकरण. आज्ञा मेन्यूत घालण्याआधी टर्मिनलमध्ये टाइप करून बघावी. आणि स्वतःच्या लिनक्सचा बॅकअप घेताना सेव्हन-झेडचं गाठोडं करू नये; फाइल कोणाच्या मालकीची हे ते लक्षात ठेवत नाही. तिथं टारच.

आज्ञेतल्या एमसीयूचा खटाटोप मराठी नावांसाठी. झिप जन्मली तेव्हा फायलींची नावं आयबीएमच्या जुन्या अक्षरसंचात लिहिली जायची, त्यात देवनागरीला जागाच नव्हती. नावं यूटीएफ-८मध्ये आहेत हे सांगणारी खूण पुढे झिपच्या आराखड्यात घातली गेली. ती खूण नसली तर 'वार्षिक अहवाल' पलीकडच्या संगणकावर चौकटी आणि ग्रीक अक्षरांच्या खिचडीत उतरू शकतं. आतला मजकूर शाबूत असतो, पण चाळीस खिचड्यांतून आपली ओळखायची कशी?

बाकीच्या डेस्कटॉपांविषयी थोडक्यात. ग्नोमच्या फाइल मॅनेजरने, म्हणजे नॉटिलसने, २०१६ पासून बांधणं-सोडणं स्वतःच्या अंगावर घेतलं आहे. तिथं आपली वेगळी ओळ हवी तर 'स्क्रिप्ट्स' फोल्डरात चालवण्याची परवानगी दिलेली स्क्रिप्ट ठेवायची. तिच्या फाइलीचं नाव हेच मेन्यूतलं नाव. मिंटच्या निमोत 'निमो ॲक्शन' शेपटाची चार ओळींची मजकूर फाइल, आणि सोबत नमुना फाइल दिलेली असते, ती वाचली की पुरे. केडीईच्या डॉल्फिनला आर्क मुळातच ओळखतो. स्वतःची भर घालायला 'सर्व्हिस मेन्यू' नावाच्या, डेस्कटॉप फाइलीसारख्याच फायली असतात. माझं मत विचाराल तर नवख्यासाठी थुनारची खिडकी सगळ्यांत सोपी आणि निमोची फाइल सगळ्यांत स्वच्छ.

महिनाभराने पुन्हा फोन. गाठोडं बांधा म्हटलं की बांधत नाही, 'झालं' अशी चिठ्ठीही नाही. इतर फोल्डर बांधले जातात, हाच नाही. टर्मिनलमधून तीच आज्ञा द्यायला लावली, तेव्हा उत्तर आलं, फाइलीचं नाव फार लांब.

बाईंनी फोल्डरला कार्यक्रमाचं अख्खं नाव दिलं होतं: वाचनालयाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, महाराष्ट्र राज्य, वार्षिक सर्वसाधारण सभा, तारीख, वार. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजीत तेवढी अक्षरं मावतात. देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, त्यातही काने, मात्रा आणि पाय मोडायची हलन्त चिन्हं स्वतंत्र मोजली जातात. 'महाराष्ट्र' वाचायला चार अक्षरं, संगणकाच्या हिशोबात दहा चिन्हं, तीस बाइट. बाईंचं नाव २५५च्या आत कसंबसं बसलं होतं. 'डॉट झिप'चे चार बाइट त्यापुढे लागले आणि दार लागेना.

"मग महाराष्ट्र काढून नुसता 'म' आणि टिंब देऊ का?"

तीन आणि एक, चार. सव्वीस वाचले. "द्या," म्हटलं. फोन कानाला तसाच होता, पलीकडून आधी कीबोर्डचा आवाज आला, मग माउसचा, मग बाई म्हणाल्या, "झालं म्हणतंय."